शालेय शिक्षणव्यवस्था सुधारायची तर पहिला हात कशाला घालायचा?

गमभन:

देशाची शाळाव्यवस्था सुधारायची म्हटलं की यादी नेहमीचीच निघते. नवा अभ्यासक्रम, शिक्षकांची पगारवाढ, वर्गातली मुलं कमी करणं, टॅब्लेट, परीक्षापद्धत बदलणं. सगळं एकदम होत नाही, पैसा पुरत नाही आणि एका सरकारच्या हातात चार-पाच वर्षंच असतात. म्हणून माझा प्रश्न क्रमाचा आहे.

असा देश धरा की जवळपास सगळी मुलं पटावर आहेत, पण पाचवीतल्या बऱ्याच जणांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. अंदाजपत्रकाचा बहुतेक भाग पगारात जातो. आधी काय करायचं, नंतर काय, आणि प्रत्येक गोष्ट नेमकी कुठे फसते? ‘मूल्यशिक्षण हवं’, ‘घोकंपट्टी थांबली पाहिजे’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. कुठे काय केलं आणि त्याचं काय झालं हे माहीत असेल तर लिहा.

खडूफळा:

अभ्यासक्रमाला शेवटी हात लावा. ज्या मुलाला वाचताच येत नाही त्याला जुनं पुस्तक काय आणि नवं काय. शिवाय नवा अभ्यासक्रम म्हणजे नवी पुस्तकं, नवं प्रशिक्षण, नव्या प्रश्नपत्रिका. खात्याची तीन-चार वर्षं त्यातच जातात आणि तोवर पहिलीतली मुलं न वाचता चौथीत पोचलेली असतात.

सुरुवात पहिली-दुसरीच्या वाचनापासून. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या ५३ टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही, असा जागतिक बँकेचा २०१९ सालचा अंदाज होता. कोविडच्या साथीनंतर, २०२२ साली, तो ७० टक्क्यांवर गेला. वरच्या वर्गांतलं गणित, विज्ञान, सगळं याच खड्ड्यात अडकलेलं असतं.

आधी मोजणी, आणि तीही तोंडी. लेखी परीक्षेत अक्षरं न ओळखणारा आणि शब्दांवर अडखळणारा यांच्यातला फरक दिसत नाही, दोघांचाही पेपर कोराच येतो. एकेका मुलाला समोर बसवून अक्षरं, सुटे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, मग गोष्ट असं वाचून घ्यायचं. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ ही गावोगावची पाहणी २००५ पासून हेच करते. एका मुलाला काही मिनिटंच लागतात आणि सगळ्या मुलांची गरज नाही, प्रत्येक जिल्ह्यातून नीट काढलेला नमुना पुरतो. दोन पथ्यं मात्र पाळायचीच. तपासणारा त्या शाळेतला नको, आणि उतारा पाठ्यपुस्तकातला नको. पाठ्यपुस्तकातला धडा मुलं घडाघडा म्हणतात आणि बोट भलत्याच ओळीवर फिरत असतं.

मग उपाय. केनियाने २०१५ पासून ‘तुसोमे’ या नावाने पहिल्या इयत्तांच्या वाचनाचा कार्यक्रम देशभर नेला. त्यात नवल असं काहीच नव्हतं. प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचं पुस्तक (दोघांत एक नव्हे), शिक्षकाला रोजच्या पाठाची हस्तपुस्तिका, थोड्या थोड्या अंतराने प्रशिक्षण आणि वर्गात येऊन मदत करणारा माणूस. यातलं एक काढलं की बाकीच्यांचा जोर जातो. नुसती पुस्तकं वाटली तर ती कपाटात बसतात, नुसतं प्रशिक्षण दिलं तर शिक्षक आठवड्याभरात जुन्या वळणावर येतो.

हस्तपुस्तिका कशी असते यावर बरंच अवलंबून आहे आणि तिथेच घाई होते. तीनशे पानांचा ग्रंथ कोणी उघडत नाही. एका दिवसाचा पाठ उघडल्यावर समोरच्या दोन पानांत मावला पाहिजे. दुसरं, पाठ प्रत्यक्षातल्या तासिकेत बसला पाहिजे. कागदावर तास चाळीस मिनिटांचा, पण हजेरी आणि जागेवर बसणं धरलं की हातात तीस उरतात. पाठ चाळीसचा लिहिला की शेवटची दहा मिनिटं कापली जातात, आणि शेवटी काय ठेवलेलं असतं? मुलांनी स्वतः वाचायचं. म्हणजे नेमकं औषधच सांडतं. ते वाचन पाठाच्या मध्यावर आणा.

प्रशिक्षणाची उतरंड ही दुसरी गळती. राजधानीत दहा दिवस, जिल्ह्यात पाच, तालुक्यात दोन, आणि शाळेपर्यंत पोचतात त्या फक्त सरकवलेल्या स्लाइड. त्यापेक्षा सत्रात दोन महिन्यांनी दोन दिवस, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ शिक्षकांनी एकमेकांसमोर पाठ घ्यायचा.

तिसरी ते पाचवीत जी मुलं मागे राहिलीत त्यांच्यासाठी वेगळी सोय लागते. रोज एक तास इयत्ता विसरून वाचनाच्या पातळीनुसार गट करायचे. या पद्धतीचे भारतात बरेच प्रयोग झाले आणि त्यांतून निघालेली गोष्ट फार उपयोगी आहे. सरकारी शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तिथे फारसा फरक पडला नाही, कारण शिक्षक नेहमीचा धडा संपवण्याच्या मागे होते. हरियाणात वेळापत्रकातच तो तास राखून ठेवला, वरिष्ठांनी तो पाहायचा असं ठरवलं, तेव्हा भाषेत सुधारणा दिसली. शिक्षक तेच, पद्धतही तीच.

उलटतपासणी:

वाचनाचं सगळं पटलं, एक शंका. ‘मिनिटाला ४५ ते ६० शब्द’ असा निकष सगळीकडे फिरतो. तो सगळ्या भाषांना लावायचा का?

खडूफळा:

मुळीच नाही. ज्या भाषांत प्रत्यय जोडून जोडून शब्द लांबतो (स्वाहिली, फिनिश, तमिळ) तिथे एका शब्दात इंग्रजीच्या तीन-चार शब्दांचा ऐवज असतो. आकडा कमी आला म्हणून मूल कच्चं ठरत नाही. लिपीचाही फरक पडतो. स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं असलेल्या लिपीत मुलाला शेकडो आकार ओळखावे लागतात, ते एका वर्षात उरकत नाही. तिथे पहिलीच्या अखेरीस सगळी जोडाक्षरं झाली पाहिजेत अशी अट घातली की शिक्षक तक्ते घोकून घेतात.

निकष आपल्या भाषेतच काढायचा. हजार-दोन हजार मुलांना उतारा वाचायला द्या, वेग मोजा आणि त्याच उताऱ्यावर पाच प्रश्न तोंडी विचारा. ज्या वेगाला बहुतेक मुलं पाचपैकी चार उत्तरं बरोबर देतात, तो तुमचा निकष. अवांतर: मुलासमोर घड्याळ धरू नका. वेग मोजला जातोय हे कळलं की मुलं अर्थ सोडून धावतात.

पटसंख्या:

पैशाचं बोलू, कारण यादीतल्या तीन गोष्टी पैशाच्या आहेत आणि तिन्ही आधी करू नयेत.

पगारवाढ: इंडोनेशियाने २००५ साली कायदा करून प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट केलं. पुढे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांमध्ये अभ्यास झाला. शिक्षक खूश होते, जोडधंदे कमी झाले, पण मुलांच्या शिकण्यात फरक नाही. कारण पाहिलं तर सरळ आहे. प्रमाणपत्र बहुतेकांना कागदपत्रांच्या फायलीवर मिळत गेलं, वर्गात काय बदललं हे कोणी विचारलं नाही. पगार चांगला असावाच, पण त्याचा परिणाम नव्याने भरती होणाऱ्यांच्या दर्जावर होतो आणि तो दिसायला पंधरा-वीस वर्षं जातात. आहेत त्या शिक्षकांचा पगार वाढवून पुढच्या परीक्षेत गुण वाढतील ही अपेक्षाच चूक.

वर्ग लहान करणं: हिशोब मांडा. चाळीसचा वर्ग तीसवर आणायचा तर एक तृतीयांश शिक्षक जास्त लागतात. खर्चातला ८५ टक्के भाग पगाराचा असेल तर एकूण खर्च सुमारे २८ टक्क्यांनी वाढतो, वर्गखोल्या वेगळ्याच. आणि एवढे शिक्षक आणणार कुठून? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते ८९ दरम्यान झालेल्या प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या वर्गांना फायदा झाला, हे खरं. ते पाहून कॅलिफोर्नियाने १९९६ साली पहिल्या इयत्तांचे वर्ग सरसकट वीसवर आणले. एकाच वेळी हजारो जागा निघाल्या, अनुभवी शिक्षक चांगल्या वस्त्यांतल्या शाळांकडे सरकले आणि गरीब भागांत पात्रता नसलेले लोक भरावे लागले. प्रयोगात शिक्षक तेवढेच चांगले होते, अंमलबजावणीत नव्हते.

उपकरणं: पेरूने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. २०१२ साली आलेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेत काही फरक आढळला नाही. शिक्षकाने त्यावर नेमका कोणता पाठ कोणत्या दिवशी घ्यायचा हे ठरलेलंच नव्हतं.

मग बिनपैशाचं काय? नेमणुका. जवळजवळ प्रत्येक गरीब देशात सरासरी पटसंख्या ठीक दिसते आणि ती सरासरी फसवी असते. पहिलीत ऐंशी मुलं, सातवीत पंचवीस. शहराजवळच्या शाळेत शिक्षक जास्त, आडबाजूला एकटा. त्यात अनुभवी शिक्षकाला मान म्हणून वरचा वर्ग देतात आणि नवखा पहिलीवर टाकतात, म्हणजे सगळ्यात कठीण काम सगळ्यात कच्च्या हातात. पहिला आदेश हाच काढा की पहिली-दुसरीला शाळेतला सगळ्यात मुरलेला शिक्षक, आणि त्या वर्गांची कमाल पटसंख्या वरच्या वर्गांपेक्षा कमी. बदल्या गुणांकन पद्धतीने, संगणकावर, यादी जाहीर करून. दक्षिण कोरियात सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या ठरावीक वर्षांनी बदल्या होतात, जपानातही होतात, त्यामुळे चांगले शिक्षक एकाच शाळेत साचत नाहीत. याला विरोध सगळ्यात जास्त होतो, हेही सांगून ठेवतो. कारण बदली हे स्थानिक पुढाऱ्याच्या हातातलं चलन असतं.

परीक्षानियंत्रक:

खडूफळा यांच्याशी अर्धाच सहमत. प्राथमिकला वाचन हे ठीक, पण आठवीच्या पुढे शिक्षक तेच शिकवतो जे शेवटच्या परीक्षेत येतं. ती परीक्षा तशीच ठेवून बाकी काहीही बदला, शिकवणं बदलणार नाही. फक्त दोन जातीच्या परीक्षा एकमेकींत मिसळू नका. एक मुलाचं भवितव्य ठरवते. दुसरी व्यवस्थेची तब्येत पाहते, तिच्यावर कोणाचंच काही अवलंबून नसावं. फिनलंडमध्ये नऊ वर्षांच्या शाळेत राष्ट्रीय पातळीवर फक्त नमुना चाचण्या होतात आणि मुलाची मोठी परीक्षा उच्च माध्यमिकच्या शेवटी. तब्येतीच्या चाचणीला बक्षीस-शिक्षा चिकटवली की तापमापी फुंकर मारून गार करायला सुरुवात होते.

याचं नमुनेदार उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २०१२ पासून तिथे पहिलीच्या मुलांची अक्षर-ध्वनी चाचणी होते. चाळीस शब्द, त्यातले निम्मे बनावट, म्हणजे पाठांतर चालत नाही. शिक्षक स्वतःच ऐकून गुण देतात. उत्तीर्णतेला ३२ गुण हे आधीच जाहीर होतं. निकालाचा आलेख काढला तर ३१ वर अगदी थोडी मुलं आणि ३२ वर एकदम उंच खांब. काठावरच्या मुलाला ढकलायचा मोह माणसाला होणारच. २०१४ पासून उत्तीर्णतेची रेषा चाचणी संपल्यावर जाहीर करायला लागले आणि तो खांब खाली आला. चाचणी बदलली नाही, माहिती द्यायची वेळ बदलली.

मोठ्या परीक्षेबद्दल एवढंच: सगळी प्रश्नपत्रिका एका वर्षात उलटवू नका. उपयोजनाचे प्रश्न पहिल्या वर्षी १०-१५ टक्के, मग दरवर्षी तेवढेच वाढवत न्या, आणि नमुना प्रश्नपत्रिका दोन वर्षं आधी बाहेर काढा. मोकळ्या उत्तरांचे प्रश्न वाढवण्याआधी तपासनीस तयार करा. एकच उत्तर वीस जणांकडून तपासून घ्या, दहापैकी तीन ते आठ असे गुण पडतात. गुणदानाचे निकष आणि नमुना उत्तरं सोबत दिली नाहीत तर पालक कोर्टात जातात, आणि मंत्री दुसऱ्याच वर्षी बहुपर्यायी प्रश्नांवर परततात.

नापास करण्याचा विषय निघेलच, म्हणून आधीच लिहितो. मिसिसिपी राज्याने २०१३ साली कायदा केला, तिसरीत वाचता आलं नाही तर पुढे ढकलायचं नाही. चौथीच्या वाचनात ते राज्य २०१३ साली अमेरिकेत ४९ वं होतं, २०२४ साली ९ वं. बातमी झाली ती ‘नापास’ची. पण त्याच कायद्याखाली वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाची चाळणी, कच्च्या शाळांत वाचन-प्रशिक्षक आणि शिक्षकांना वाचन शिकवण्याचं रीतसर शिक्षण हे सगळं होतं. हे वगळून नुसतं नापास केलं तर तेच मूल त्याच शिक्षकासमोर त्याच पुस्तकासह आणखी एक वर्ष बसतं.

गमभन:

मोठ्या तपशिलाबद्दल सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. पुढचा प्रश्न: हे करणार कोण? मंत्रालय आदेश काढतं आणि शाळेपर्यंत परिपत्रक पोचतं, एवढंच होतं. आणि देशभर एकदम की टप्प्याटप्प्याने?

मधलीफळी:

ज्याच्याबद्दल कोणीच लिहीत नाही तो मधला माणूस करणार, पंधरा-वीस शाळांवरचा पर्यवेक्षक. व्यवस्था त्याच्यापाशी अडते, कारण त्याचं काम नोंदवह्या तपासणं आणि वरून आलेले तक्ते भरून पाठवणं हेच होऊन बसलेलं असतं. त्याची भेट बदला. पूर्ण एक तास मागे बसून पाहायचा, तीन मुलांना जवळ घेऊन वाचून घ्यायचं, शिक्षकाशी पंधरा मिनिटं बोलायचं आणि एकच सुधारणा सांगायची. सात सांगितल्या तर एकही होत नाही. केनियात या लोकांना टॅब्लेट दिले (उपकरणं इथे कामी आली, बरं का), भेटीची जागा आणि वेळ आपोआप नोंदली जायची आणि प्रवासभत्ता त्या नोंदीवरच मिळायचा. त्याआधी वाहनखर्च मिळायची मारामार होती, त्यामुळे भेटीच होत नव्हत्या. माणसं आळशी नव्हती, पेट्रोलला पैसे नव्हते.

नेमणूक करताना दोन गोष्टी लेखी घ्या. त्याला निवडणूक, जनगणना, लसीकरण यांच्या कामाला लावणार नाही, आणि शाळांची संख्या वीसच्या वर नेणार नाही. या दोन गोष्टी सुटल्या की पहिल्या वर्षाअखेर तो पुन्हा तक्तेच भरताना दिसेल.

निधीने काय करता येतं यासाठी ब्राझीलचं सियारा राज्य पाहा, गरीब भाग. राज्याच्या विक्रीकराचा २५ टक्के वाटा नगरपालिकांना जातो आणि त्या वाट्याचा चौथा भाग कसा वाटायचा हे तेव्हा राज्य ठरवायचं. २००७ साली कायदा बदलून त्यातला बहुतांश, म्हणजे नगरपालिकांच्या एकूण वाट्यातले १८ टक्के, शिक्षणाच्या निकालांवर वाटायचं ठरलं. नवा पैसा शून्य. पण महापौर अचानक दुसरीतल्या वाचनाची चौकशी करायला लागले. सूत्रात नुसती पातळी नाही, सुधारणाही मोजतात, नाहीतर श्रीमंत गावंच दरवर्षी जिंकली असती. असं सूत्र दुसरीकडे न्यायचं तर चाचणीच्या दिवशी गैरहजर मूल शून्य गुणांचं धरा. तसं केलं नाही तर कच्ची मुलं त्या दिवशी ‘आजारी’ पडतात.

त्याच राज्यात उत्तम शाळांना बक्षीस आहे, पण रकमेचा चौथा हिस्सा अडवून ठेवतात. जोडीला दिलेल्या एका कच्च्या शाळेला मदत करून दाखवली की मगच तो मिळतो. आणि सोब्राल या शहराने या सगळ्याच्या आधीच मुख्याध्यापक शिफारशीने नेमणं बंद करून परीक्षा घेऊन नेमायला सुरुवात केली होती. तिथली सुधारणा त्यावर उभी आहे, निधीच्या सूत्रावर नंतर.

एकदम की टप्प्याने? टप्प्याने, आणि भूगोल डोक्यात ठेवून. फिनलंडने १९६८ साली एकसंध नऊ वर्षांच्या शाळेचा कायदा केला, पण अंमल १९७२ साली उत्तरेकडून सुरू झाला आणि १९७७ साली राजधानीपर्यंत आला. उत्तरेत निवडक मुलांच्या जुन्या शाळा कमी, त्यामुळे गमावणारेही कमी. हेलसिंकीत विरोध सगळ्यात जास्त होता, तिथे पोचेपर्यंत पाच वर्षांचा अनुभव हाती होता. तडजोडही केली. गणित आणि परकीय भाषांत हुशार-मध्यम-कच्चे असे गट तसेच ठेवले, ते १९८५ साली काढले. त्या दरम्यान शिक्षकांचं शिक्षण विद्यापीठांत नेऊन पदव्युत्तर पदवीची अट आणली. शाळांची तपासणी थांबवली ती १९९०च्या दशकात, हे सगळं झाल्यावर. आज लोक फक्त ते शेवटचं उचलतात, ‘फिनलंडमध्ये तपासणी नाही, म्हणून आपणही बंद करू’. आणि हो, त्यांचेही पिसाचे (पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे) गुण २००६ नंतर उतरत गेलेत, तेव्हा ते सोवळ्यात ठेवायची गरज नाही.

राजकारण कसं उलटतं ते पोलंडमध्ये दिसतं. १९९९ साली सामान्य आणि व्यावसायिक शाळांत होणारी मुलांची विभागणी एक वर्ष पुढे ढकलून मधली तीन वर्षांची शाळा आणली. पुढच्या दशकभरात पिसातले निकाल चांगलेच सुधारले. तरी २०१७ पासून नव्या सरकारने त्या शाळाच बंद केल्या. आकडे चांगले असले तरी पालकांना त्या आपल्या वाटत नव्हत्या.

उलटतपासणी:

माध्यमाचा मुद्दा राहिलाच की. रवांडाने २००८ साली अध्यापनाची भाषा फ्रेंचवरून एकदम इंग्रजी केली, तेव्हा बहुतेक शिक्षकांनाच ती येत नव्हती. मलेशियाने २००३ साली गणित-विज्ञान इंग्रजीत नेलं आणि २००९ साली मागे घ्यायचं ठरवलं. तेव्हा खडूफळा यांच्या यादीत एक ओळ वाढवा: पहिलीचं पुस्तक छापायला देण्याआधी त्या जिल्ह्यात मुलं घरी काय बोलतात आणि शिक्षकाला ती भाषा येते का, याची नोंद घ्या. शाळेगणिक एक पानाचा फॉर्म पुरतो.

खडूफळा:

मान्य, वाढवली. फक्त त्या फॉर्ममध्ये ‘मातृभाषा कोणती’ असं विचारू नका, लोक प्रतिष्ठेची भाषा लिहितात. पहिलीच्या वर्गात जाऊन चित्र दाखवा, ‘यात काय चाललंय?’ असं विचारा आणि मुलं कुठल्या भाषेत सांगतात ते टिपा.